युनिट म्हणजे सातबारा नव्हे

वर्षावासाचे दिवस होते. नगर तालुक्यातल्या एका विहारात रविवारचे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन संपले, खीर वाटून झाली आणि मंडळी उठायच्या बेतात होती. तेवढ्यात सुपा एमआयडीसीत कामाला असलेल्या एका तरुणाने मोबाईल पुढे केला. "दादा, पुण्यातल्या आयटी पार्कच्या बिल्डिंगची मालकी चारशे रुपयांत मिळते म्हणतात. रीट म्हणतात त्याला. खरं आहे का?"

जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक काका लगेच म्हणाले, "बाबा रे, हा शेटजींचा जुगार आहे. आपल्या माणसानं यात पडूच नये." बचत गटाच्या एक ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीत महिन्याला दहा टक्के देतो म्हणून एक जण पैसे घेऊन गेला. तोही असंच बिल्डिंगीचं काहीतरी सांगायचा. ते हेच का?"

हे तीन प्रश्न तीन माणसांचे असले तरी सगळ्या समाजाचे आहेत. ही फसवणूक आहे का? हा जुगार आहे का? आणि ही मालकी आहे का? त्या दिवशी आम्ही उभ्या उभ्या थोडेफार उत्तर दिले, पण त्याने आमचेच समाधान झाले नाही. चळवळीत पैशाचा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, भांडवलशाहीला शिवू नका. दुसरा म्हणतो, आता आंदोलने पुरे, श्रीमंत व्हा. या दोन्ही आवाजांत हिशेब कोणी मांडत नाही. आज तो मांडायचा प्रयत्न करतो.

आधी एक गोष्ट साफ करू. आम्ही समाजशास्त्र शिकलेले कार्यकर्ते आहोत, गुंतवणूक सल्लागार नाही. अमुक युनिट घ्या, तमुक विका, असे या लेखात काही नाही.

ताईंचा प्रश्न : ही फसवणूक आहे का?

रीट म्हणजे स्थावर मालमत्तेचा न्यास. मोठ्या ऑफिस इमारती किंवा मॉल या न्यासाच्या ताब्यात असतात. भाडेकरू कंपन्या भाडे भरतात. खर्च, कर्जाचे व्याज वगैरे वजा जाता उरलेला पैसा युनिटधारकांत वाटला जातो. युनिट शेअरबाजारात खरेदी-विक्रीला असते, त्याचा भाव रोज बदलतो.

आपल्या देशात सेबीने याचे नियम २०१४ साली केले. पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, १ एप्रिल २०१९ रोजी बाजारात नोंदला गेला. त्यानंतर २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफील्ड, २०२३ मध्ये मॉलवाला नेक्सस आणि २०२५ मध्ये नॉलेज रिअल्टी आला. सुरुवातीला यात शिरायला दोन लाखांच्या वर रक्कम लागायची, म्हणजे आपल्या वस्तीला दार बंदच होते. २०२१ साली सेबीने ही अट खाली आणली आणि बाजारात एक-एक युनिटही घेता येऊ लागले. त्या तरुणाच्या मोबाईलमध्ये चारशे रुपये दिसत होते ते यामुळे.

नियम कडक आहेत. न्यासाची ८० टक्के मालमत्ता पूर्ण बांधून झालेली आणि भाडे सुरू असलेली हवी. वाटपायोग्य रकमेतली किमान ९० टक्के युनिटधारकांना द्यावीच लागते, तीही सहा महिन्यांतून निदान एकदा. कर्ज मालमत्तेच्या किमतीच्या ४९ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. मालमत्ता सांभाळणारा विश्वस्त वेगळा, कारभार बघणारा व्यवस्थापक वेगळा आणि न्यास उभा करणारा प्रायोजक वेगळा. हिशेब जाहीर करावे लागतात.

आता याच्या शेजारी आपल्या भागात जे घडले ते ठेवा. जमिनीचे प्लॉट देतो म्हणून पीएसीएल नावाच्या कंपनीने देशभरातल्या कोट्यवधी लोकांकडून पैसे गोळा केले. २०१४ साली सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. ही रक्कम वाचताना डोळे फिरतात, पण ती जमली होती ती महिना दोनशे-पाचशे रुपयांच्या हप्त्यांनी. आणि हप्ते गोळा करणारा एजंट अनेकदा आपलाच मेहुणा, आपलाच मास्तर होता. २०२४ साली आपल्याच जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यातून 'शेअर मार्केट'च्या नावाने झालेल्या फसवणुकीच्या बातम्या आल्या. यातल्या कित्येकांचा शेअरबाजाराशी संबंध फक्त बोर्डावर लिहिण्यापुरता होता.

म्हणून ताईंना उत्तर असे आहे : ताई, तुमच्या गल्लीतला माणूस रीट विकत नव्हता. रीटचे नाव घेऊन उद्या दुसरा येईल, तेव्हा त्याला चार गोष्टी विचारा. हे नाव सेबीच्या यादीत आहे का? युनिट माझ्या स्वतःच्या डीमॅट खात्यात येणार का? आजचा भाव बाजारात सगळ्यांना दिसतो का? मला उद्या विकायचे असेल तर तुला न विचारता विकता येईल का? चारपैकी एकाचेही उत्तर 'नाही' आले तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि ठरावीक परतावा मिळेलच, अशी खात्री देणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. खरा रीट अशी खात्री देत नाही, देऊच शकत नाही.

काकांचा प्रश्न : हा जुगार आहे का?

काकांचा राग आम्हाला कळतो. त्यामागे इतिहास आहे. सावकाराच्या वहीने आपल्या आजा-पणज्यांच्या जमिनी गिळल्या. पैशाच्या व्यवहारात आपण कायम देणेकरी म्हणूनच होतो. तेव्हा व्याज, भाडे, नफा हे शब्द ऐकले की अंगावर काटा येणे स्वाभाविक आहे.

पण काका, बाबासाहेबांचे काय? १९१७ च्या अखेरीस बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईत परतले, तेव्हा त्यांनी शेअर्सच्या व्यवहारांत सल्ला देणारी एक पेढी सुरू केली होती. ती का बंद पडली? सल्ला चुकीचा होता म्हणून नव्हे. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले म्हणून! हा प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे. ज्यांनी पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या अनुयायांनी बाजाराचे अज्ञान हा जणू तत्त्वनिष्ठेचा पुरावा मानावा, हे आम्हाला पटत नाही. बाजार समजून घेणे वेगळे आणि बाजाराची पूजा करणे वेगळे.

तेव्हा जुगार आहे की नाही ते आकड्यांवरून बघू. एम्बसीचे युनिट २०१९ मध्ये ३०० रुपयांना दिले गेले. वर्षभरात भाव चारशेच्या पुढे गेला. मग कोविड आला. ऑफिसे ओस पडली, लोक घरून काम करू लागले. २०२२ च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून वाढवत २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहावर नेला. बँकेतच जास्त व्याज मिळू लागल्यावर भाड्याच्या उत्पन्नाची किंमत बाजारात उतरते. त्यातच अनेक आयटी पार्क विशेष आर्थिक क्षेत्रात होते. तिथली करसवलत नव्या कंपन्यांसाठी २०२० मध्ये संपली होती, म्हणून रिकामे मजले भरेनात. पुढे २०२३ च्या डिसेंबरमध्ये मजलावार मोकळीक मिळाली तेव्हा कुठे वाट निघाली. या सगळ्याचा परिणाम असा की २०२३ मध्ये एम्बसीचे युनिट फिरून ३०० च्या आसपास आले. ब्रुकफील्डचे तर २७५ च्या मूळ किमतीच्याही खाली गेले.

म्हणजे २०१९ ला घेतलेल्या माणसाच्या हातात चार वर्षांनी काय राहिले? भाव होता तिथेच. पण दरवर्षी साधारण २१ ते २४ रुपये युनिटमागे वाटले गेले, चार वर्षांत नव्वदीच्या जवळ. ३०० वर वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास. पुढे २०२५ मध्ये व्याजदर उतरू लागले, ऑफिसे भरू लागली आणि भाव पुन्हा चारशेच्या वर गेला. दुसरीकडे, २०२० च्या सुरुवातीला चारशेच्या वर घेऊन २०२३ मध्ये गरजेपोटी विकावे लागलेल्या माणसाला भाड्याचे पैसे मिळूनही मुद्दलात खोट बसली.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, हा मटका नाही. मागे खऱ्या इमारती आहेत, खरे भाडे आहे, भाडेकरार अनेक वर्षांचे असतात आणि त्यांत ठरावीक काळाने भाडेवाढ लिहिलेली असते. दुसरी, ही बँकेची ठेवही नाही. ज्याला पैसा कधी लागेल हे आपल्या हातात नसते, त्याच्यासाठी भावातली पडझड हाच खरा धोका असतो. आणि आपल्या घरात पैसा कधी लागेल हे आपल्या हातात असते का? दवाखाना, लग्न, मुलीची फी, कोर्टाची तारीख. श्रीमंताला पडझडीत थांबता येते, गरिबाला विकावे लागते. एकाच युनिटवर दोघांचा नफातोटा सारखा होत नाही, तो यामुळे. बाजार जात विचारत नाही असे सांगणारे बरेच भेटतात. पण थांबण्याची ताकद कोणाकडे आहे, हे त्या बाजाराच्या बाहेरच ठरलेले असते, आणि तिथे जात नक्की विचारली जाते.

तरुणाचा हिशेब

आता त्या सुप्याच्या पोराचा हिशेब करू. त्याने पै-पै जमवून एक लाख रुपये साठवले असे धरू. युनिट चारशेला धरले तर २५० युनिट येतील. २०२४-२५ मध्ये एम्बसीने युनिटमागे सुमारे २३ रुपये वाटले. तेवढेच मिळत राहिले असे धरले तर वर्षाला ५,७५० रुपये, म्हणजे महिन्याला पाचशेच्याही आत. त्यातला काही भाग व्याज, काही लाभांश, काही कर्जपरतफेड म्हणून येतो आणि कराचे नियम प्रत्येकाला वेगळे. महिन्याला दहा हजार रुपये घरबसल्या यावेत म्हटले तर जवळपास एकवीस लाख रुपये गुंतवावे लागतील. एकवीस लाख! ज्या कंत्राटी कामगाराच्या घरात तेवढे आहेत, तो कंत्राटी कामगार राहिलेला नाही.

म्हणून 'रीटमधून आर्थिक स्वातंत्र्य' असे व्हिडिओ बघून पोरांनी हवेत जाऊ नये. आमचा सांगण्याचा क्रम साधा आहे. बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे बावीस-चोवीस टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडा. सहा टक्के मिळवण्यासाठी चोवीस टक्के भरत राहणे हे कुठल्याच गणितात बसत नाही. मग आयुर्विमा आणि आरोग्याची सोय. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात प्रत्येक प्रौढाला विमा सक्तीचा करावा आणि विमा सरकारच्या ताब्यात असावा असे मांडले होते, ते उगाच नव्हे. त्यानंतर सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत. तीही एका बँकेत पाच लाखांच्या आत, कारण ठेव विम्याचे संरक्षण तेवढेच आहे. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने आपल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ही पाच लाखांची रेघ काय असते ते साऱ्या जिल्ह्याला कळले. त्यानंतर मुलांचे शिक्षण. एवढे करून ज्याच्याकडे पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही असा पैसा उरतो, त्या शिक्षकाने, नर्सने, बँकेतल्या कारकुनाने त्यातला थोडा हिस्सा रीटमध्ये घातला तर तो ना पापी ठरतो ना समाजद्रोही.

आणि एक विनंती. विहाराच्या वर्गणीचा, जयंतीच्या शिलकीचा, संस्थेच्या निधीचा पैसा कोणाच्या सांगण्यावरून यात घालू नका. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाने पैसा कुठे गुंतवावा यावर कायद्याने मर्यादा आहेत. पोराचा पैसा बुडाला तर एक घर रडेल, विहाराचा बुडाला तर गावची चळवळ दहा वर्षे मागे जाईल.

पोराचा प्रश्न : ही मालकी आहे का?

खरा प्रश्न हा आहे. आणि याचे उत्तर सातबाऱ्याशिवाय देता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात हिस्सा म्हणजे काय हे सहकाराने दाखवले. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ही मोठी गोष्ट होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सभासद कोण झाला? ज्याचा ऊस होता तो. ऊस कोणाचा होता? ज्याची जमीन होती त्याचा. ज्याच्याकडे जमीन नव्हती तो कोयता घेऊन त्याच कारखान्याच्या फडात उभा राहिला, त्याचे नाव टोळीच्या उचलीच्या वहीत आले, सभासदांच्या यादीत नाही. हिश्श्याचा दरवाजा जमिनीतून उघडत होता.

पुण्यात याचीच पुढची आवृत्ती मगरपट्ट्याला झाली. हडपसरच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन त्याला तेवढा हिस्सा दिला. वर ऑफिसे, घरे उभी राहिली. जमीन गेली नाही, भाडे आणि नफा घरात येत राहिला. रीटचे मर्म हेच आहे. मालमत्ता धरून ठेवायची आणि उत्पन्न वाटून घ्यायचे.

आता मगरपट्ट्याला लागून मुंढवा आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहाराने वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तीनशे कोटींचा व्यवहार, मुद्रांक शुल्काचा वाद, चौकशी समिती. राजकारण बाजूला ठेवून आमचा प्रश्न एवढाच आहे : शेजारच्या शेतकऱ्यांची जमीन कंपनीचा हिस्सा होते आणि वतनदार महारांची जमीन वादाची फाईल होते, असे का? मुंढव्यासमोर नदीपलीकडे खराडी आहे. तिथल्या ऑफिस पार्कांपैकी काही आज रीटच्या मालकीची आहेत. त्यांच्या युनिटचा भाव रोज मोबाईलवर दिसतो. वतनाच्या जमिनीत आपल्या घराचा किती वाटा आहे, हे कुठल्या मोबाईलवर दिसते?

कारण इतिहासात आहे. वतन ही गुलामी आहे हे बाबासाहेबांनी सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन पूर्वीच्या वतनदाराला परत देण्याची तरतूद झाली. पण ती मिळाली नव्या शर्तीवर, भोगवटादार वर्ग दोन म्हणून. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. ही अट संरक्षणासाठी होती. घडले उलटे. बँक कर्ज देईना, वारस वाढत गेले, तुकडे पडत गेले, कित्येकांनी तिप्पट रक्कम वेळेत भरलीच नाही. आणि मग गावातला कोणी तरी कुळमुखत्यारपत्राचा कागद घेऊन यायचा. पन्नास हजार रोख, एक सही, एक अंगठा.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. पुणे रस्त्याला लागून जिथे एमआयडीसी वाढली, तिथल्या एका गावात आम्ही वारसांची यादी करायला बसलो होतो. एका आजीच्या नावे साडेतीन गुंठे हिस्सा निघाला. आजी म्हणाली, "मला काय करायचंय बाळा, त्यो मानूस चांगला हाय, दिवाळीला साडी आनतो." त्या 'चांगल्या माणसाने' चौदा वारसांच्या सह्या साड्यांवरच गोळा केल्या होत्या. जमिनीवर आज गोदाम आहे, आणि त्याचे भाडे दर महिन्याला कोणाच्या तरी खात्यात जमा होते. आजीच्या नातवाचे काम त्याच गोदामात माल चढवण्याचे. तो नातू म्हणजे विहारात मोबाईल पुढे करणारा तो पोरगा!

आता त्याला उत्तर द्या, चारशे रुपयांचे युनिट ही मालकी आहे का?

आमचे उत्तर : नाही. युनिट म्हणजे उत्पन्नातला वाटा. त्यात मत आहे, पण ते युनिटच्या प्रमाणात आहे. ज्याची कोटी युनिट त्याची कोटी मते, ज्याची अडीचशे त्याची अडीचशे. माणसागणिक समान मत आणि समान मूल्य शिकलेल्या आपल्याला हा फरक लगेच कळायला हवा. कोणती इमारत घ्यायची, कोणाला भाड्याने द्यायची, झाडलोट आणि पहाऱ्याचे काम कोणत्या कंत्राटदाराला कोणत्या दराने द्यायचे, हे तुमच्या अडीचशे मतांनी ठरत नाही. आणि हेही विसरू नका की हिंजवडी-खराडीच्या त्या चकचकीत मजल्यांवर पहाटे फरशी पुसणाऱ्यांत आपल्या आया-बहिणी आहेत. त्यांचा पगार हा न्यासाच्या हिशेबात खर्च आहे. खर्च कमी तर वाटप जास्त. ज्याच्याकडे युनिट आहेत त्या भावाच्या तिमाही वाटपात बहिणीच्या न वाढलेल्या पगाराचा अंश असू शकतो. युनिट घेणाऱ्याने निदान एवढे भान ठेवावे, आणि वार्षिक सभेत संधी मिळाली तर लाभांशाबरोबर कंत्राटी कामगारांच्या वेतनाचाही प्रश्न विचारावा. कोणी हसले तर हसू द्यावे.

मग करायचे काय?

रीटचे युनिट घ्या किंवा घेऊ नका, तो ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न. पण रीटचा धडा मात्र प्रत्येक वस्तीने घ्यावा. तो धडा असा की देशातले सगळ्यात हुशार भांडवलदार मोक्याची जमीन आणि इमारत विकून मोकळे होत नाहीत. ती धरून ठेवतात, भाडे घेतात, पैसा हवा असेल तेव्हा हिस्सा विकतात, पण ताबा सोडत नाहीत. आणि आपण? आपण ताबा आधी सोडतो.

म्हणून आमच्या मागण्या आणि कामे अशी आहेत. गावोगावच्या महार वतन जमिनींची यादी काढा. जुने फेरफार, पुनःप्रदानाचे आदेश, आजचा सातबारा आणि सगळ्या वारसांची नावे एका फाईलमध्ये आणा. तलाठी कार्यालयातून न मिळाल्यास माहिती अधिकार वापरा. कुळमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी वकिलाला दाखवल्याशिवाय कोणी सही करणार नाही, असा ठराव प्रत्येक विहारात करा. आणि सरकारकडे मागणी करा की वतन जमिनी विकण्याची वाट सोपी करण्यापेक्षा धरून ठेवण्याची वाट सोपी करा. वारसांना एकत्र येऊन संस्था काढता यावी, मालकी त्यांच्याकडेच ठेवून जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्याने देता यावी, भाड्यातला मोठा भाग दर सहा महिन्यांनी वारसांत वाटणे बंधनकारक असावे, हिशेब जाहीर असावेत. सेबी बड्या न्यासांना ९० टक्के वाटायला लावू शकते, तर महसूल खाते वतनदारांच्या संस्थेसाठी असा नियम का करू शकत नाही?

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. माणसे बायका-पोरांसह तुरुंगात गेली. त्यांच्या नावाने आज भूमिहीनांना दोन एकर बागायती किंवा चार एकर जिरायती जमीन देण्याची योजना आहे. त्या योजनेचे अर्ज आपल्या तालुक्यात किती पडून आहेत, हे विचारायला समाजकल्याणच्या कार्यालयात शेवटचे कधी गेलो होतो? २०२२ साली गायरान अतिक्रमणांच्या नोटिसा आल्या तेव्हा धावाधाव झाली, पण १९९० च्या आधीचा कब्जा दाखवणारे पुरावे किती घरांनी जपून ठेवले होते? युनिटचा भाव दिवसातून दहा वेळा बघणाऱ्या पोरांनी वर्षातून एकदा आपल्या आजोबांचा सातबारा बघावा, एवढेच आमचे मागणे आहे.

त्या तरुणाला आम्ही पुढच्या रविवारी परत भेटलो. त्याने चार युनिट घेतली होती. आम्ही रागावलो नाही. उलट त्याला म्हटले, बघ, आता तुला दर तिमाहीला वाटपाचा मेसेज येईल, कुठून किती आले त्याचा तपशील येईल. तो नीट वाच. एवढ्या छोट्या रकमेचाही हिशेब मालकाला मिळतो, हे ध्यानात ठेव. आणि मग ज्या जमिनीवर ते गोदाम उभे आहे, तिचा हिशेब तुझ्या आजीला का मिळाला नाही, हे विचारायला आपण तहसीलला जाऊ.

तो आला. आजीलाही घेऊन आला. फेरफाराची नक्कल मागणारा अर्ज दिला आहे, पोच फाईलला लावली आहे.

जय भीम!